आर्किटेक्चर किंवा एम्बेडेडमध्ये संशोधनाची संधी कशी मिळवायची? कॉलेजात या विषयाचं कोणीच नाही

सर्किट_शिकणारी:

नमस्कार. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात कॉम्प्युटर आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीची रचना, हा विषय होता. मोठ्या मॅट्रिक्सची बेरीज करणारा साधा प्रोग्राम लिहिला, मग आतला आणि बाहेरचा लूप फक्त अदलाबदल केला, तर तोच प्रोग्राम कितीतरी हळू चालायला लागला. उत्तर तेच, बेरजा तेवढ्याच. कॅशमुळे, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीमुळे, असं होतं हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण स्वतःच्या लॅपटॉपवर बघितलं त्या दिवसापासून मला हेच काम करायचंय हे पक्कं झालं.

अडचण अशी की आमच्या कॉलेजात या विषयात संशोधन करणारं कोणी नाही. म्हणून दोन महिन्यांत बाहेरच्या ४१ प्राध्यापकांना मेल केले. तीन उत्तरं आली. दोघांनी जागा नाही म्हणून कळवलं, तिसरं रजेवर असल्याचं आपोआप आलेलं होतं. मेलमध्ये मी लिहिलं होतं की मला आपल्या संशोधनात खूप रस आहे, मी मेहनती आहे, सोबत बायोडेटा आणि गुणपत्रिका जोडली आहे.

माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि एक रास्पबेरी पाय पिको, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड, आहे. एफपीजीए बोर्ड (ज्याच्या चिपमध्ये आपलं सर्किट बसवता येतं) नाही. एफपीजीएशिवाय या क्षेत्रात काही होतं का? आणि आर्किटेक्चर की एम्बेडेड (उपकरणांच्या आत बसवलेले छोटे संगणक), हे आत्ताच ठरवावं लागतं का? खरंच गोंधळले आहे, कृपया मार्गदर्शन करा.


कॅशची_वही:

मी प्रोसेसरच्या मेमरीवर पीएचडी करते आहे. आमच्या लॅबला येणारे असे मेल चाळायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून आतली बाजू सांगते. तुझे मेल वाचले गेले असतील. पण 'खूप रस आहे' याला काय उत्तर द्यायचं ते वाचणाऱ्याला सुचत नाही. जागा नाही म्हणणं तेवढं सोपं असतं. त्याच मेलमध्ये एखादा आलेख असला आणि खाली लिहिलेलं असलं की 'तुमच्या पेपरमधली ही आकृती मी पुन्हा काढून बघितली, तुमच्याइतका फायदा मला दिसला नाही, कारण बहुधा हे असावं', तर माणूस थांबून वाचतो. त्याला उत्तर द्यावंसंच वाटतं, कारण विषय त्याच्या जिव्हाळ्याचा असतो.

मी तुझ्याच वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. कॅश भरली की आतली कोणती लाइन, म्हणजे डेटाचा कोणता तुकडा, बाहेर काढायची, या प्रश्नाने मला धरलं होतं. १९६६ मध्ये बेलाडी या संशोधकाने याचं आदर्श उत्तर देऊन ठेवलंय: जिची गरज सगळ्यात उशिरा लागणार आहे ती काढा. फक्त त्यासाठी पुढचं दिसायला हवं, आणि हार्डवेअरला ते दिसत नाही. तेव्हापासून आजवर जे काही झालं ते पुढचा अंदाज बांधण्याचे वेगवेगळे प्रकार. मीही एक अंदाज बांधला. ज्या इन्स्ट्रक्शनने लाइन आत आणली तिच्या पत्त्यावरून एक छोटा तक्ता, त्यात ही लाइन परत लागेल की नाही याची नोंद.

चालवायला चॅम्पसिम घेतला. हा सिम्युलेटर प्रोग्राम चालतानाच्या नोंदींवर, म्हणजे ट्रेसवर चालतो, लॅपटॉपला झेपतो, आणि कॅशची धोरणं त्यात स्वतंत्र फाइलमध्ये असल्यामुळे आपलं धोरण बसवणं सोपं जातं. २०१७ मध्ये इस्का या आर्किटेक्चरच्या परिषदेबरोबर कॅश रिप्लेसमेंटची स्पर्धा झाली होती. तिथल्या स्पर्धकांचे कोड मी ओळ न ओळ वाचले, खरं शिक्षण तिथेच झालं. चार महिन्यांनी सहा ट्रेसवर एलआरयूपेक्षा, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली लाइन काढण्याच्या पद्धतीपेक्षा, माझे मिस (हवं ते कॅशमध्ये न सापडणं) कमी आले. आलेख काढला, एका संशोधकाला पाठवला. दोन दिवसांत एका ओळीचं उत्तर: 'प्रीफेचर चालू होता का?'

नव्हता. पुढे लागेल तो डेटा आधीच आणून ठेवणारा हा भाग मी कधी चालूच केला नव्हता. चालू करून परत धावलं, तर फायदा जवळजवळ सगळा गेला, आणि दोन ट्रेसवर माझं धोरण एलआरयूपेक्षा वाईट ठरलं. त्या मेलला उत्तर द्यायला मला आठवडा लागला. खूप रडले, खोटं कशाला सांगू. मग एकेक ट्रेस वेगळा काढून बसले. ठरावीक अंतराने डेटा वाचणारे जे प्रोग्राम होते, त्यांच्यात प्रीफेचर लाइन आधीच आणून ठेवत होता, म्हणजे मी जे मिस वाचवत होते ते आता होतच नव्हते. शिवाय प्रीफेचने आणलेल्या काही लाइन कधीच वापरल्या जात नव्हत्या, आणि माझा तक्ता त्यांना कामाच्या समजून धरून ठेवत होता. हे सगळं दीड पानात लिहून पाठवलं. उन्हाळ्याच्या कामासाठी मला बोलावलं गेलं ते या दीड पानावर. जुना आलेख नंतर कोणी पाहायलाही मागितला नाही.

तू आता काय करावंस? एकच पेपर घे, त्यातली एकच आकृती, आणि ती पुन्हा काढ. यात आधी ठरवायची गोष्ट म्हणजे बेसलाइन, कशाशी तुलना करते आहेस ते. कॅश तापायला, म्हणजे मोजण्याआधी भरून घ्यायला, किती इन्स्ट्रक्शन दिल्यास आणि मोजणं कुठून सुरू केलंस हेही लिहून ठेव. लॅपटॉपवर थेट मोजणार असशील तर लिनक्सवरचं पर्फ हे मोजणीचं साधन पुरतं, पण आकड्यावर लगेच भरवसा ठेवू नकोस. २००९ च्या एएसप्लॉस परिषदेत एक पेपर आला होता, त्यात दाखवलंय की शेलमधल्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलची लांबी बदलली किंवा फाइली लिंक करण्याचा क्रम बदलला, तरी प्रोग्रामचा वेळ इतका हलतो की कंपायलरची ओ-३ ही ऑप्टिमायझेशनची पातळी चांगली की ओ-२ याचा निष्कर्षही फिरू शकतो. कोडला कोणी हात लावलेला नसतो. हे वाचल्यावर मी प्रत्येक मोजणीच्या शेजारी कोणत्या परिस्थितीत मोजलं ते लिहायला लागले.

जेम-फाइव्ह या सिम्युलेटरबद्दल सगळे सांगतील. तो मोठा आणि महत्त्वाचा आहे, मिशिगनचा एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स यांच्या मिलाफातून झालेला. पण ८ जीबीवर बिल्ड करताना एका वेळी एक-दोनच जॉब ठेव, नाहीतर लिंक होताना मशीन गुदमरतं. आणि तपशीलवार मॉडेल सेकंदाला जेमतेम काही लाख इन्स्ट्रक्शन चालवतं. खऱ्या प्रोसेसरवर सेकंदभर चालणारा प्रोग्राम तिथे कित्येक तास खातो. सुरुवात चॅम्पसिमवर कर.

एफपीजीए नाही म्हणून अडत नाही. आरटीएल, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणारा कोड, लिहायचाच असेल तर व्हेरिलेटर हे साधन व्हेरिलॉग भाषेतल्या अशा कोडचं सी प्लस प्लस करून देतं. लोरिस्कचा आयबेक्स हा रिस्क-फाइव्ह या इन्स्ट्रक्शन संचाचा छोटा प्रोसेसर कोर खुला आहे, तो वाचून समजेल असाही आहे.


जुना_फर्मवेअरवाला:

वरचं सगळं पटलं. पण तिच्या हातात पिको आहे याकडे कोणी बघितलं नाही. मी १९ वर्षं फर्मवेअर (उपकरणांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लिहितोय, त्यामुळे माझा कल तिकडेच जाणार, हे धरून वाचा.

त्या पिकोवरच्या आरपी-२०४० चिपमध्ये कॉर्टेक्स-एम० प्लसचे दोन कोर आहेत, २६४ केबी रॅम आहे, आणि आत फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) अजिबात नाही. प्रोग्राम बाहेरच्या फ्लॅशमधून थेट चालतो, मध्ये १६ केबीची टू-वे कॅश. ही कॅश दोन्ही कोरमध्ये एकच. म्हणजे आर्किटेक्चर की एम्बेडेड या तुझ्या प्रश्नाचं उत्तर टेबलावरच पडलेलं आहे, दोन्ही विषय त्या एका कॅशमध्ये आहेत.

प्रश्न असा घे: पहिल्या कोरवर इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारा संकेत, आला, आणि त्याच वेळी दुसरा कोर आपल्या कामाने कॅश पुसून टाकतोय, तर त्या संकेताला उत्तर देणाऱ्या कोडची, म्हणजे हँडलरची, पहिली ओळ चालायला किती सायकल लागतात? कागदावर एम० प्लसची लेटन्सी, म्हणजे हा उशीर, १५ सायकल आहे, पण तो आकडा मेमरी एका सायकलमध्ये उत्तर देते असं धरून आहे. फ्लॅश तसं देत नाही.

मोजायला ऑसिलोस्कोप लागत नाही. एम० प्लसमध्ये मोठ्या कॉर्टेक्सांसारखा सायकल काउंटर नसतो, पण सिसटिक नावाचा टायमर असतो, २४ बिटांचा, उलटा मोजणारा, प्रत्येक कोरला स्वतंत्र. त्याचाच इंटरप्ट लाव. शून्यावर आला की इंटरप्ट उठतो, काउंटर परत वरून सुरू होतो. हँडलरमध्ये पहिलं काम म्हणून त्याची किंमत वाच आणि रीलोडच्या आकड्यातून वजा कर. झाली लेटन्सी. सिसटिकला प्रोसेसरचंच घड्याळ दिलंयस ना ते तपास, नाहीतर मायक्रोसेकंदाच्या टिकवर मोजत बसशील. सरासरी काढू नकोस. हजारो वेळा मोज, हिस्टोग्राम काढ, आणि उजवीकडचं टोक बघ. आमच्या धंद्यात सरासरीने कोणी वाचत नाही.

दुसऱ्या कोरला फ्लॅशमधला ३२ केबीचा एक स्थिर तक्ता वाचत बसव, म्हणजे कॅशच्या दुप्पट. कॅशचे हिट आणि अ‍ॅक्सेस मोजणारे दोन काउंटर चिपमध्येच आहेत, तेही नोंदव. मग हँडलर रॅममध्ये हलव आणि परत मोज. पिकोच्या एसडीकेमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या साधनसंचात, त्यासाठी मॅक्रो आहे.


सर्किट_शिकणारी:

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. ताई, तुमची प्रीफेचरची गोष्ट मी तीनदा वाचली.

दादा, एक शंका आहे. कॅश वाटून घेतली की वेळ हलतो हे तर सगळ्यांना माहीतच आहे. मग याला संशोधन म्हणता येईल का? की नुसता प्रयोगवहीतला प्रयोग?


जुना_फर्मवेअरवाला:

हलतो हे माहीत आहे. जास्तीत जास्त किती हलेल, हे खात्रीने सांगता येत नाही. १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी दाखवलं की ठरावीक काळाने येणारी स्वतंत्र कामं असतील, रेट मोनोटोनिक पद्धतीने (जास्त वारंवार येणाऱ्या कामाला आधी) प्राधान्य दिलेलं असेल आणि प्रोसेसरचा एकूण वापर साधारण ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर कामं कितीही असली तरी प्रत्येक काम वेळेत होतं. सुंदर गणित आहे. पण त्यात प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती वेळ लागतो हे आधीच माहीत असल्याचं गृहीत धरलंय. तो आकडा आणायचा कुठून? एका कोरवर तो काढणंच अवघड, दोन कोर एक कॅश वापरायला लागले की शेजाऱ्याचं काम तुझ्या गणितात शिरतं. विमानातल्या मल्टिकोर प्रोसेसरांसाठी कास्ट-३२ए नावाचा दस्तऐवज २०१६ मध्ये निघाला, तो याच हस्तक्षेपाची चिंता करतो. तुझी चिप लहान आहे, प्रश्न तोच आहे. आणि लहान चिपचा फायदा असा की तिचं पूर्ण डेटाशीट तुझ्या हातात आहे, प्रत्येक आकड्याचं कारण तू शेवटपर्यंत शोधू शकतेस. मोठ्या प्रोसेसरवर ते कंपनीबाहेरच्या कुणालाच जमत नाही.


वाचनालय_कोपरा:

अर्ज कुठे करायचे ते कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी स्वतः दोनदा नाकारला गेलो आणि तिसऱ्यांदा लागलो.

उन्हाळ्यासाठी ईटीएच झुरिक आणि ईपीएफएल या स्वित्झर्लंडच्या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थी फेलोशिप आहेत, सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठाचा तीन ते सहा महिन्यांचा कार्यक्रम आहे. उन्हाळ्याच्या कार्यक्रमांची मुदत बऱ्याचदा आदल्या वर्षाच्या शेवटीच संपते, माझा पहिला नकार उशिरामुळेच होता. घरून करायचं असेल तर लिनक्स फाउंडेशनच्या एलएफएक्स मेंटॉरशिपमध्ये रिस्क-फाइव्हची कामं येतात. गूगल समर ऑफ कोडमध्ये आरटीईएमएस ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम बरीच वर्षं भाग घेते आहे. हे काम शुद्ध संशोधन नसतं, पण तुमचा कोड अनुभवी माणूस ओळीओळीने तपासतो, ते मला कॉलेजात कधी मिळालं नव्हतं. इस्काबरोबर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मायक्रोआर्क नावाची मार्गदर्शन कार्यशाळाही होते, २०१९ पासून. एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेच्या विद्यार्थी संशोधन स्पर्धेत पदवीवाल्यांचा गट वेगळा असतो.

आणि ब्रँच प्रेडिक्शनच्या, म्हणजे प्रोग्राम पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधायच्या, स्पर्धा. पहिली २००४ मध्ये झाली, नंतर आणखी काही, अलीकडच्या २०१६ आणि २०२५ मध्ये. चौकट आणि ट्रेस देतात, २०१६ ला ८ केबी आणि ६४ केबी असे गट होते, तेवढ्या जागेत तुमचा प्रेडिक्टर बसवायचा. स्पर्धा संपल्यावरही सगळं उपलब्ध राहतं. तिथे तुमचं कॉलेज कोणतं हे कोणी विचारत नाही.

ओनूर मुतलू यांची आर्किटेक्चरची व्याख्यानं यूट्यूबवर पूर्ण आहेत. २०१४ मध्ये ज्या गटाने डीरॅमची (संगणकाच्या मुख्य मेमरीची) एकच ओळ पुन्हा पुन्हा उघडली की शेजारच्या ओळीतले बिट उलटतात हे दाखवलं, रोहॅमर, त्या गटातले हे. मूळ पेपर वाचायला हवा, १२९ मॉड्यूल एकेक करून तपासलीयत त्यांनी. मोजणं कशाला म्हणतात ते कळतं.


पाचवं_सत्र:

आमच्या इथे पैसे भरून महिन्याभरात पेपर छापून मिळतो. बायोडेटावर एक पेपर दिसला तर फायदा होत नाही का?


कॅशची_वही:

नाही. कळकळीने सांगते, करू नकोस. निवड करणारे लोक त्या क्षेत्रातल्या परिषदा नावानिशी ओळखतात, इस्का, मायक्रो, एचपीसीए, एएसप्लॉस, एम्बेडेडकडे आरटीएसएस आणि आरटीएएस. पैसे भरून छापलेलं त्यांना एका नजरेत कळतं आणि मग बाकीच्या खऱ्या कामावरही संशय बसतो. त्यापेक्षा गिटवर कोडचं एक स्वच्छ भांडार ठेव: दुसऱ्याने एक कमांड द्यावी आणि तुझाच आलेख त्याच्या मशीनवर निघावा. मी अर्ज बघताना आधी तेच उघडते.


सर्किट_शिकणारी:

पाच आठवड्यांनी परत आले.

पिकोवर मोजलं. दुसरा कोर बंद असताना हिस्टोग्राम म्हणजे जवळजवळ एकच उभी काठी. दुसऱ्या कोरने तक्ता वाचायला सुरुवात केली की काठी फुटून उजवीकडे लांब शेपूट आलं, काही डझन सायकलचं. हिटच्या काउंटरनेही तेच सांगितलं. मग हँडलर रॅममध्ये हलवला. मला वाटलं शेपूट जाईल. लहान झालं, पण गेलं नाही! तीन रात्री मला माझ्याच कोडमध्ये चूक आहे असं वाटत होतं. हँडलर खरंच रॅममध्ये आहे का, हे डिसअसेंब्लीत पत्ता बघून तपासलं. आहे. मग उरलेला उशीर कुठून येतोय?


जुना_फर्मवेअरवाला:

इंटरप्ट आला तेव्हा पहिला कोर काय चालवत होता? तो कोड कुठे आहे?


सर्किट_शिकणारी:

मुख्य लूप... तो फ्लॅशमध्येच आहे. म्हणजे इंटरप्ट आला तेव्हा कोर फ्लॅशमधून पुढची इन्स्ट्रक्शन येण्याची वाट बघत अडकलेला असेल, आणि मेमरीकडे जाणाऱ्या बसवरचा तो व्यवहार पूर्ण झाल्याशिवाय त्याला हँडलरकडे वळताच येत नसेल?


जुना_फर्मवेअरवाला:

लूपही रॅममध्ये टाक आणि बघ. मी सांगण्यापेक्षा हिस्टोग्राम सांगू दे.


सर्किट_शिकणारी:

काठी परत आली!! एकच उभी काठी, दुसरा कोर पूर्ण जोरात चालू असताना.

म्हणजे नुसता हँडलर रॅममध्ये ठेवून भागत नाही, ज्याला अडवायचंय तो कोडही कुठून चालतोय ते बघावं लागतं. हे सगळं ताईंनी सांगितलं तसं दीड पानात लिहिलं, सगळे हिस्टोग्राम लावले, भांडार जोडलं. या वेळी ४१ नाही, चारच जणांना पाठवलं, ज्यांचे सामायिक कॅशवरचे पेपर मी खरंच वाचले होते त्यांनाच. मेलचा पहिला परिच्छेद असा होता:

'आरपी-२०४० वर इंटरप्ट हँडलर रॅममध्ये हलवल्यावरही दुसऱ्या कोरमुळे होणारा उशीर पूर्ण जात नाही. उरलेला उशीर अडवल्या गेलेल्या कोडच्या फ्लॅश-वाचनातून येतो असं मला आढळलं. तुमच्या विश्लेषणात हा भाग धरलेला आहे का, हे मला पेपरवरून कळलं नाही.'

काल एकांचं उत्तर आलं. जागेबद्दल काही लिहिलेलं नाही. फक्त विचारलंय की दुसऱ्या कोरच्या जागी डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारा भाग) फ्लॅश वाचत असेल तर शेपूट तेवढंच राहील का, आणि पुढच्या आठवड्यात अर्धा तास बोलायला वेळ आहे का.


कॅशची_वही:

आधी मोजून घे, मग बोल. बोलायला जाताना आकडा हातात असू दे.


जुना_फर्मवेअरवाला:

आणि डेटाशीटमध्ये बस प्रायॉरिटीचं रजिस्टर शोध. एकदा प्रोसेसरला वरचा मान दे, एकदा डीएमएला. दोन्ही हिस्टोग्राम इथे टाक, मलाही बघायचेत.